खारें पाणी, गोडें पाणी आणि आमची चूल

ज्युबिलीच्या स्मरणग्रंथांत देवळाच्या पायाचा, शाळेचा आणि धर्मगुरूंच्या श्रमांचा वृत्तांत यावा, हें यथायोग्यच आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक माहितगार मंडळींनीं पत्करलें आहे. आम्हीं मात्र ज्या गोष्टीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं, तो लिहावयास घेतला आहे. मिस्सा आटोपून मंडळी घरोघर परतली म्हणजे ज्या चुलीभोंवतीं बसते, त्या चुलीचा हा इतिहास होय. त्यांतही गोडाधोडाची हकीकत आम्ही सांगणार नाहीं. सणाच्या पुरणपोळीचें कौतुक करणारे पुष्कळ आहेत. रोजच्या तिखटामिठाच्या स्वयंपाकापुरतेंच आम्हांस बोलावयाचें आहे. हा विषय हलका वाटल्यास वाचकांनीं एवढें ध्यानांत आणावें कीं, प्रभूनें आपल्या शिष्यांस उपमा दिली ती मिठाची.

आपलें जळगांव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें आहे. खानदेशांतील जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून शेजारच्या जामोद गांवाचें नांव त्यास जोडण्याची वहिवाट पडली. आईन-इ-अकबरींत नरनाळा सरकारांतील एक परगणा म्हणून ह्याची नोंद आहे. इंग्रजी अमलांत हा तालुका अकोला जिल्ह्यांत होता; १९०५ सालीं तो बुलढाणा जिल्ह्यास जोडला गेला. परंतु चुलीच्या दृष्टीनें पाहतां जिल्ह्याच्या हद्दीपेक्षां निराळीच एक हद्द येथें महत्त्वाची आहे, ती पाण्याची. उत्तरेस डोंगराच्या बाजूला विहिरींस गोडें पाणी लागतें. दक्षिणेस पूर्णेकडे उतरूं लागलें कीं पाणी खारें होत जातें. पूर्णेच्या खोऱ्यांत नदीनें आणून टाकलेल्या गाळाचे थर फार खोल आहेत आणि त्यांत क्षार सांठून राहिले आहेत. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतील सुमारें नऊशें गांवें ह्या खारपाणपट्ट्यांत मोडतात, आणि आपल्या तालुक्याचा खालचा भागही त्यांतच येतो.

ह्या पाण्यानें आमच्या स्वयंपाकास जें वळण लावलें, तें कोणत्याही पंडितानें लावलें नसेल. आमच्या घरांतील वडील बायका सांगत कीं, खालच्या गांवीं सून म्हणून जाणाऱ्या मुलीनें वरणांत मीठ घालण्यापूर्वीं आधीं पाणी चाखावें. माहेरच्या हातानें मीठ पडलें तर सासरीं वरण खारट होतें. तुरीची डाळ तेथें लवकर मऊ पडत नाहीं, असाही त्यांचा अनुभव होता. आतां आपल्याकडे चून-भाकरीचें प्रस्थ एवढें कां, पातोड्या, फुणके आणि कढीगोळे कां, ह्याचा विचार करतां आमचें मत असें झालें आहे कीं, ह्यांतील बरेंच श्रेय त्या हट्टी डाळीस द्यावें लागेल. जी डाळ अखंड शिजावयास तयार नाहीं, ती दळून तिचें पीठ केलें, अथवा भिजवून वाटून वाफेवर धरली, म्हणजे पंचाईतच सुटते. चून शिजावयास घटकाभर लागत नाहीं आणि सरपणही थोडें पुरतें. पाण्याच्या खारटपणास उत्तर म्हणून आंबटपणा आला: अंबाडीचा पाला, ताक, चिंच, कच्चा आंबा. हें सारें कोणीं ठरवून केलें नाहीं. एका बाईनें करून पाहिलें, शेजारणीनें चाखलें, आणि तिसरीनें त्यांत लसूण वाढविला.

येथें एक कडू गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ज्या गांवीं गोड्या पाण्याची विहीर एखादीच होती, तेथें तिच्यावर सर्वांस हात लावूं दिला जात नसे. महाराष्ट्रांतील गांवोगांवची ही रीत होती. चवदार तळ्यासाठीं महाडास १९२७ सालीं जो सत्याग्रह झाला तो ह्याच रीतीविरुद्ध. आपल्या धर्मबंधूंपैकीं अनेकांचे पूर्वज ज्या वस्त्यांतून आले, त्या वस्त्या गांवाच्या कडेस होत्या आणि त्यांच्या वांट्यास पाणीही कडेचेंच आलें. कोणाचें वरण मऊ आणि कोणाचें टणक, ह्याचा निवाडा पुष्कळदां जमिनीनें नव्हे तर माणसांनींच केला. एलिशा संदेष्ट्यानें यरीहोचें वाईट पाणी त्यांत मीठ टाकून निर्मळ केलें, ही राजांच्या दुसऱ्या ग्रंथांतील कथा आमच्याकडे वाचली जाते तेव्हां खालच्या गांवच्या मंडळींच्या मुद्रेवर किंचित् हंसूं दिसतें. कारण त्यांच्या पाण्यांत मीठ घालावयाची गरज कोणासही कधीं भासली नाहीं.

पाणी खारें असूनही मीठ मात्र ह्या मुलखांत स्वस्त नव्हतें. पूर्णाकांठीं पूर्वीं खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. पुढें सरकारनें मिठावर कर बसविला. आपल्या डोंगरापलीकडील बऱ्हाणपुरावरून इंग्रजांची ती प्रसिद्ध जकातीची कुंपणरेषा जात असे. सिंधु नदीपासून महानदीपर्यंत सुमारें २,३०० मैल लांबीची ही रेषा, तिच्यावर १२,००० शिपाई पहारा करीत, आणि जागजागीं कांटेरी झाडांचें दाट कुंपण वाढविलेलें. हेतु एवढाच कीं, एका बाजूचें मीठ करावांचून दुसऱ्या बाजूस जाऊं नये. १८७९ सालीं ही रेषा मोडली. कर मात्र राहिला, आणि १८८८ मध्यें तर तो मणास अडीच रुपये झाला. मजुराच्या घरीं भाकरीबरोबर मिठाचा खडा आणि मिरची एवढेंच कालवण असे, त्या घरास हा कर किती जाचला असेल हें सांगावयास नको. १९३० सालीं दांडीला गांधीजींनीं कायदा मोडला, तेव्हां समुद्र नसलेल्या वऱ्हाडानें काय करावें? वऱ्हाडी सत्याग्रही अकोला जिल्ह्यांतील दहीहंडा येथें गेले आणि तेथील खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून त्यांनीं मीठ केलें. जें पाणी घरोघर शिव्या खात होतें, तें त्या दिवशीं उपयोगीं पडलें. कर सुटला तो १९४७ सालीं.

आतां पवित्र सभेचा आणि भांड्याचा संबंध काय, हें सांगावयाचें. हा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नव्यानें प्रभूकडे येणाऱ्या लोकांनीं आपली चूल बदलावी कीं नाहीं, ह्याविषयीं सभेंत दोन मतें निरनिराळ्या काळीं प्रबळ होतीं. रोम येथील धर्मप्रसार मंडळ १६२२ सालीं स्थापन झालें. त्यानें १६५९ मध्यें पूर्वेकडील देशांत जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींस ज्या सूचना दिल्या, त्यांत स्पष्ट बजाविलें होतें कीं, श्रद्धा व सदाचार ह्यांस उघड बाध न येईल अशा तेथील चालीरीति बदलण्याचा आग्रह धरूं नये. युरोपांतला एखादा देश उचलून चीनमध्यें नेऊन ठेवणें मूर्खपणाचें आहे. ही एक बाजू. दुसरी बाजू गोव्यांत दिसली. ज्या गोव्यांत १६१६ सालीं फादर स्टीफन्स ह्यांचें मराठी क्रिस्तपुराण रायतूर येथें छापून निघालें, त्याच गोव्यांत धर्मन्यायालयानें १७३६ सालीं एक फर्मान काढलें. त्यांत लग्नांतील रिवाज, पोषाख, तुळस इत्यादि अनेक गोष्टींबरोबर असाही निर्बंध होता कीं, ख्रिस्ती घरांत भात मिठावांचून शिजवूं नये. कारण हें कीं, हिंदूंच्या घरीं भात अळणी शिजवून मीठ मागाहून ज्याच्या त्याच्या रुचीप्रमाणें घेत. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस कोणत्या देवाचा हें ओळखावयाचें होतें! आम्हीं हा मजकूर प्रथम वाचला तेव्हां आम्हांस खेद झाला, आणि खरें सांगावयाचें तर थोडें हंसूंही आलें. गोव्याचें तें न्यायालय १८१२ सालीं कायमचें बंद झालें.

आपल्या भागांत जे धर्मगुरू आले, त्यांचा काळ निराळा आणि त्यांचें घराणेंही निराळें. संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नांवाचा मिशनरी संघ सॅव्हॉयमधील आनेसीहून निघून १८४६ सालीं विशाखापट्टणास उतरला. त्याच संघाच्या हातून नागपूरचें काम वाढलें, १८८७ सालीं नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला, आणि १९५५ सालीं त्यांतून आपला अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. ह्या देशांत बाप्तिस्मा घेणाऱ्या बाईस तिच्या भाकरीविषयीं कोणी फर्मान दिलें नाहीं. एकच ठिकाण असें होतें कीं जेथें धान्य ठरलेलें होतें: वेदीवरची भाकर गव्हाचीच असली पाहिजे, हा सभेचा नियम. आमच्या मुलखांत गहूं सणासुदीचा. रोजची ती ज्वारी. तरी प्रभूच्या प्रार्थनेंत आम्ही मराठींत मागतों ती भाकरच, आणि तो शब्द उच्चारतांना आमच्या डोळ्यांपुढें तव्यावर फुगलेली ज्वारीचीच येते.

मिठाविषयीं सभेचा जुना आदर सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. १९६९ सालीं विधि बदलण्यापूर्वीं बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मगुरू बालकाच्या जिभेवर चिमूटभर आशीर्वादित मीठ ठेवीत असत. तें शहाणपणाचें मीठ मानलें जाई. आपल्यांतील वृद्ध मंडळींच्या जिभेवर तें पडलेलें आहे. आमच्या आजीबाई म्हणत कीं, पोरानें तोंड वांकडें केलें म्हणजे विधि नीट लागू पडला!

उपासाच्या बाबतींत तर सभेनें आमच्या स्वयंपाकास मोकळीकच दिली. १९१७ सालच्या धर्मनियमसंहितेंत वर्ज्याच्या दिवशीं मांस व मांसाचा रस निषिद्ध ठरविला होता. परंतु अंडीं, दूधदुभतें आणि कोणत्याही तऱ्हेचीं तोंडीलावणीं, मग तीं चरबींत केलेलीं कां असेनात, ह्यांस परवानगी होती. हा नियम रोममध्यें लिहिणाऱ्या पंडितांच्या स्वप्नींही ठेचा आला नसेल. तथापि त्यांच्या त्या एका कलमाखालीं ठेचा, जवसाची चटणी, तिळकूट, लोणचें, तळलेली मिरची हें सर्व निर्धास्तपणें बसलें. समुद्रकांठच्या आपल्या बांधवांस शुक्रवारीं ताजी मासळी मिळे. आम्हांस आठवड्याच्या बाजारांतले सुके बोंबील, तेही हातीं पैसा असेल तेव्हां. म्हणून प्रत्येक शुक्रवार, आणि राखेच्या बुधवारापासून सुरू होणारे ते चाळीस दिवस, आमच्या बायकांची खरी परीक्षा पाहत. १९६६ सालीं पोप सहावे पॉल ह्यांनीं नियम पुष्कळ सौम्य केले. सक्तीचा उपास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार ह्या दोन दिवसांवर आला. परंतु लागलेली चव नियमाबरोबर जात नाहीं.

तो काळ येतो तोही कसा पहा. माघ-फाल्गुन-चैत्र, शेतांतली हिरवी भाजी संपत आलेली, पण नवा हरभरा आणि नवी तूर घरांत आलेली, आणि अंगणांत कुरडया, पापड, सांडगे वाळत घातलेले. मांस नाहीं आणि पालाही नाहीं, अशा वेळीं आमच्याकडे सांडग्यांची रसभाजी होते, ताकांत कढीगोळे पडतात, येसराची आमटी लागते. आणि कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारींत उडीद व मीठ घालून दळलेल्या पिठाची, ठेच्याबरोबर खाल्ली जाते. ठेचाही एक प्रकारचा नव्हे. कोणी मिरची तव्यावर तेलांत परतून लांकडी बडगींत ठेंचतें, कोणी निखाऱ्यावर भाजून. कोणी शेंगदाणे घालतें, कोणी नुसता लसूण आणि मीठ. वांग्याचें भरीत करावयाचें तर वांगें भाजावें पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या जाळावर. शेगडीवर भाजलेल्या वांग्यास ती धुरकट चव येत नाहीं, असें आम्ही ठासून सांगतों, आणि ह्यावर वाद घालावयास तयार आहों. आणि हिरव्या मिरचीची ती घोटलेली भाजी! तूरडाळ, वांगीं, शेंगदाणे आणि मुठीमुठीनें मिरच्या; रोडग्यांबरोबर ती ज्यानें शेतांत बसून खाल्ली नाहीं, त्यास बुलढाण्याचा पाहुणाच म्हणावें लागेल.

ही मिरची आपली, असें आम्ही अभिमानानें म्हणतों. परंतु ती आली अमेरिका खंडांतून, पोर्तुगीजांच्या जहाजांनीं, सोळाव्या शतकांत, गोव्याच्या वाटेनें. त्यापूर्वीं ह्या देशांत तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा आणि आल्याचा. मिरची हें नांवच मिऱ्यावरून पडलें. भुईमूग, बटाटा आणि ज्यास आमच्याकडे भेदरें म्हणतात तें टोमॅटोही त्याच खंडाचीं लेकरें. आमचे हिंदु शेजारी महाशिवरात्रीस धान्य वर्ज्य करून साबुदाण्याची खिचडी करतात. तिच्यांतला साबुदाणा ज्या कंदाचा तो, शेंगदाणे, बटाटा आणि हिरवी मिरची, चारही जिन्नस अमेरिकेचे. त्याच सुमारास आमचाही उपास चालू असतो; त्यांस धान्य चालत नाहीं, आम्हांस मांस; मिरची दोघांसही चालते. ज्या गोव्यांत अळणी भातावर निर्बंध आला, त्याच गोव्यावाटे ही मिरची येऊन कोणत्याही धर्माची परवानगी न मागतां सर्वांच्या पाट्यावर जाऊन बसली, ह्याची आम्हांस नेहमीं मौज वाटते. हंगेरींतील सेंट-ग्यॉर्गी नामक शास्त्रज्ञानें १९३३ सालीं तिच्याच जातीच्या मिरच्यांतून क जीवनसत्त्व विपुल मिळविलें आणि त्यास १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ज्वारी-मिरचीवर दिवस काढणाऱ्या मजुरास तें सत्त्व आधींपासूनच मिळत होतें; पारितोषिक अर्थातच नाहीं.

दिवस नेहमीं ठेचाभाकरीचेही नव्हते. १८९९-१९०० च्या दुष्काळानें वऱ्हाड होरपळलें. १८९१ आणि १९०१ ह्या दोन शिरगणतींच्या दरम्यान प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजीं सुमारें पांच टक्क्यांनीं घटली. अशा काळीं तरोट्याचा पाला, रानांतले कंद आणि मोहाचीं फुलें ह्यांनीं अनेकांस जगविलें, आणि हें ज्ञान सातपुड्यांतील कोरकू व निहाल बांधवांपाशीं होतें. तरोट्याची भाजी आजही पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या घरीं होते. आतां ती हौसेनें होते.

हें सारें कोणत्या पुस्तकांत सांपडेल? मराठींत पाकशास्त्राचें पहिलें छापील पुस्तक म्हणून ज्याचें नांव घेतात, तें रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें सूपशास्त्र १८७५ सालचें. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें गृहिणीमित्र १९१० सालीं आलें. कमलाबाई ओगले ह्यांची रुचिरा १९७० सालीं. तीं चांगलीं पुस्तकें आहेत, परंतु त्यांतली चूल शहरांतल्या सुखवस्तु घरांची. गांवाच्या कडेच्या घरांत काय शिजत होतें, हें शाहू पाटोळे ह्यांनीं मराठवाड्यापुरतें २०१५ सालीं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' ह्या पुस्तकांत लिहिलें. तें वाचतांना आमच्यांतील कित्येकांस आपल्या आजीचें घर आठवलें, आणि कित्येकांस तें आठवणें जड गेलें. कारण जी चव गरजेनें शोधली गेली, तिची लाज बाळगावयास आम्हांस कोणी ना कोणी शिकविलें होतें. पंगतींत पाहुणे असले म्हणजे ती भाजी मागें ठेवावयाची, आणि घरच्या माणसांनीं मागाहून खावयाची. वऱ्हाडासाठीं असें पुस्तक आपल्यांतूनच कोणीं तरी लिहावें.

आतां सध्यांची स्थिति. वान प्रकल्पाचें पाणी नळानें जळगांव जामोद व संग्रामपूर ह्या दोन तालुक्यांतील गांवांस पुरविण्यासाठीं १४० गांवांची योजना झाली, आणि ज्या घरीं तें पाणी नियमित येतें त्या घरचें वरण मऊ झालें. परंतु पिढ्यान्पिढ्या खारें पाणी प्यालेल्या ह्या पट्ट्यांत मूत्रपिंडाच्या विकारानें अनेक घरें दुःखांत आहेत; आपल्या देवळांतही आजाऱ्यांसाठीं प्रार्थना होते तेव्हां त्यांत हें दुखणें वारंवार ऐकूं येतें. वैद्य सांगतात, मीठ कमी करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें धडधाकट माणसासही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. ठेचा, लोणचें, पापड आणि कळण्याची भाकर एका ताटांत आलीं तर तेवढें एका जेवणांतच संपावें! बाजारांत कमी सोडियमचें म्हणून जें मीठ मिळतें, त्यांत बहुधा पोटॅशियम असतें. मूत्रपिंड बिघडलेल्या माणसास तें अपाय करूं शकतें, म्हणून वैद्यास विचारल्यावांचून तें घरीं आणूं नये.

म्हणून आम्हीं गेल्या उपासकाळांत आमच्याच घरीं प्रयोग आरंभिला. घरांतील धडधाकट मंडळींवरच तो केला, आणि कोणास कांहीं सांगितलें नाहीं. जवसाच्या चटणींत मीठ निम्में घालून लसूण वाढविला. कोणाच्याही ध्यानांत आलें नाहीं. चुनांत मीठ कमी करून उतरवतांना लिंबू पिळलें. मुलांनीं उलट अधिक मागितलें. अंबाडीची भाजी आंबटच असल्यामुळें तीही निभावली. कढी मात्र फसली. एक वाडगा तसाच उरला आणि तो आम्हांसच संपवावा लागला. ठेच्याचें गुपित तर पहिल्याच घासाला फुटलें. मिरची कितीही भाजली, शेंगदाणे कितीही घातले, तरी मीठ कमी पडलेला ठेचा आपली तक्रार आपणच सांगतो. तेव्हां तडजोड अशी ठरली कीं ठेचा खावा, पण नखाएवढा.

ज्युबिलीच्या जेवणास मिरचीची भाजी होणार, हें सर्वांस ठाऊक आहे. कढईजवळ बसणाऱ्या मंडळींस आमची एक सूचना आहे. भाजींत मीठ निम्मेंच घालावें, भात अळणीच उतरवावा, आणि पंगतींत मिठाची वाटी फिरवावी, म्हणजे ज्यास जेवढें सोसेल तेवढें तो घेईल. १७३६ सालीं गोव्यांत अशी पंगत बसती, तर वाढप्यांसकट सर्वांस न्यायालयापुढें उभें राहावें लागलें असतें. आपल्याकडे फार तर आजीबाई रागावतील.